पडद्यावर जग, दिव्याखाली अंधार

एखादे वृत्तपत्र बंद पडले, की दुसऱ्या दिवशी सकाळी दारातली रिकामी जागाच ती वार्ता वाचकाला सांगते. दूरचित्रवाणीच्या वृत्तविभागाचे मरण इतके स्पष्ट नसते. पडदा पूर्वीप्रमाणेच उजळतो, ठरलेल्या वेळी ठरलेले सूर वाजतात, निवेदक हसतमुखाने नमस्कार करतो. फरक एवढाच, की ज्या गावच्या बातम्या तो सांगत असतो त्या गावात तो नसतो, आणि त्या गावात हिंडून बातमी आणणारेही कोणी उरलेले नसते. प्रेक्षकाला याचा पत्ता लागण्यास कधी महिने लागतात, कधी वर्षे. कधी तर एखादे संकट यावे लागते.

ही केवळ कल्पना नव्हे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही नावे मराठी सुशिक्षितास विद्येची माहेरघरे म्हणून परिचित आहेत. या दोन नगरांच्या परिसरासाठी बी. बी. सी. स्वतंत्र सायंवार्ता देत असे. डिसेंबर २०२२ मध्ये त्या बंद झाल्या. ऑक्सफर्डकरांना साउदॅम्प्टनची आणि केंब्रिजकरांना नॉरिचची वार्तापत्रे पाहावयास सांगण्यात आले. त्यापूर्वी २०२० मध्येच इंग्लंडच्या प्रादेशिक व स्थानिक सेवांतील ४५० जागा कमी करण्याचे या संस्थेने जाहीर केले होते, आणि सायंकाळच्या प्रादेशिक वार्तापत्रांत दोन निवेदकांऐवजी एकच ठेवण्याचे ठरविले होते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने परवाना शुल्क दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठविले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वार्षिक ५० कोटी पौंडांच्या काटकसरीची योजना पुढे आली. काटकसरीची कुऱ्हाड प्रथम फांद्यांवर पडते. आणि राजधानीच्या दृष्टीने गावे म्हणजे नेहमीच फांद्या असतात.

अमेरिकेत याच नाटकाचा प्रयोग खाजगी मालकीच्या रंगमंचावर चालू आहे. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा हे चक्रीवादळांच्या वाटेवरचे मोठे शहर. तेथील एका जुन्या केंद्राची स्थानिक वार्तापत्रे २०२३ मध्ये सिंक्लेअर कंपनीने थांबविली, आणि त्या जागी ओक्लाहोमा सिटीत तयार होणारे वार्तापत्र दाखविण्यास आरंभ केला. याच कंपनीच्या केंद्रांवरील अनेक निवेदकांनी एकच मजकूर अक्षरशः एकाच शब्दांत वाचल्याचे दृश्य मार्च २०१८ मध्ये जगाने पाहिले होते. गावोगावचे चेहरे निराळे, वाणी मात्र एकाच मालकाची! कॅनडात बेल मीडियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये टोरांटो वगळता आपल्या सी. टी. व्ही. केंद्रांवरील दुपारची वार्तापत्रे बंद केली.

हे सारे कोणा दुष्टाच्या लहरीने घडत आहे असे म्हणणे सोपे आहे. पण ते पूर्ण खरे नव्हे. जाहिरातीचा पैसा इंटरनेटकडे वळला आहे. तरुण पिढी ठरावीक वेळी पडद्यासमोर बसत नाही. वार्ताहर, छायाचित्रक, ध्वनियोजक, वाहनचालक आणि संकलक असा ताफा एका दीड मिनिटाच्या बातमीसाठी पाठविणे आता परवडत नाही, हे व्यवस्थापकांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. हातातल्या मोबाईलने आज एकटा माणूस चित्र घेतो, जोडतो आणि पाठवितो. सुधारणेला विरोध करणे हा आमचा धर्म नव्हे. ताफा लहान व्हावा, यंत्रे स्वस्त व्हावीत, त्यात वावगे काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे, की यंत्राने वाचविलेला पैसा वार्ताहराच्या पायांसाठी खर्च होतो, की त्याच पायांना निरोप देण्यासाठी?

प्रस्तुत लेखकाने उमेदीची काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासणी अधिकाऱ्याला वर्गातली मुलांची संख्या कळे. परंतु मागच्या बाकावरचा मुलगा तीन दिवस का आला नाही, हे रोज हजेरी घेणाऱ्या गुरुजींनाच ठाऊक असे. स्थानिक वार्ताहर हा गावची हजेरी घेणारा गुरुजी आहे. महापालिकेच्या स्थायी समितीत कोणती निविदा कोणाच्या नावे निघाली, कोणत्या वस्तीत चार दिवस पाणी आले नाही, कोणत्या शाळेचे छप्पर गळते, हे दुरून दिसत नाही. तो दररोज तेथे बसलेला असतो म्हणून अनेक गोष्टी घडतात, आणि त्याहून अधिक गोष्टी घडायच्या टळतात. या टळलेल्या गोष्टींसाठी जमाखर्चाच्या वहीत रकाना नसतो. म्हणून त्याचे वेतन खर्चाच्या बाजूस ठळक दिसते, आणि त्याचे मोल जमेच्या बाजूस कोठेच दिसत नाही.

दूरत्व किती घातक ठरू शकते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच मुंबईत कुलाब्यास जेमतेम ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या एका टोकाला प्रलय, आणि दुसऱ्या टोकाला नेहमीची पावसाळी संध्याकाळ! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने माणसे आणि घरे वाहून नेली, तेव्हाही संकट नकाशावर बोटाने दाखविता येईल एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात आले होते. अशा वेळी शेकडो मैलांवरून वाचलेल्या ‘राज्यात सर्वदूर पाऊस’ या वाक्याचा उपयोग काय? अमेरिकेतील प्रेक्षकांनी हे ओळखले. ॲलन मीडिया या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या स्थानिक केंद्रांवरील हवामानतज्ज्ञ कमी करून अंदाज अटलांटाहून देण्याचा बेत आखला, तेव्हा लोकांनी इतका निषेध केला, की तो बेत स्थगित करणे तिला भाग पडले.

आता थोडे आपल्या अंगणाकडे वळू. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि मराठी घराघरांत सायंकाळच्या बातम्यांची एक नवी संध्याच रूढ झाली. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांच्या वाणीने शुद्ध, संयत मराठी कशी बोलावी हे एका पिढीला शिकविले. पुढे २००७ च्या सुमारास चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या, आणि शहराशहरांत केबलचालकांची छोटी वार्तापत्रेही नांदू लागली. त्यांचे चित्रण ओबडधोबड असे, परंतु त्यांत आपली गल्ली दिसे. २०१२-१३ पासून केबलच्या डिजिटलीकरणाची सक्ती आली, आणि नव्या यंत्रसामग्रीचा भार यांतील अनेकांना पेलला नाही. मोठ्या वाहिन्यांना चोवीस तास भरावयाचे असतात. पण बातमी आणण्यापेक्षा चार माणसे बसवून भांडविणे स्वस्त पडते. जिल्ह्यांतील बातमी मोजक्या मानधनावर, कित्येकदा नगावर पैसे घेणाऱ्या ‘स्ट्रिंगर’च्या खांद्यावर उभी आहे. त्याला ना नेमणुकीचे पत्र, ना विम्याचे छत्र.

सरकारी माध्यमांतही हेच वारे वाहत आहेत. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला होता. पुणेकरांनी, पत्रकारांनी आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठविला, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. मे २०२४ मध्ये दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ हे यंत्रबुद्धीने घडविलेले दोन निवेदक अवतरले. ते थकत नाहीत, रजा मागत नाहीत, अनेक भाषा बोलतात. त्यांचे कौतुक जरूर करावे. परंतु यंत्र वाचून दाखवील, ते विचारणार कोणाला? पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या बांधावर चिखल तुडवीत कोण जाईल? मुखवटा कितीही सुबक असला, तरी त्याला पाय नसतात.

या प्रकरणी आम्ही स्वतःला सोवळे मानीत नाही. छापील वृत्तपत्रांनीही तालुक्याच्या बातमीदारांवरील खर्च कमी केला आहे. आवृत्त्या वाढल्या, पण कित्येक पानांवर मजकूर तोच राहिला. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविताना आपल्या डोळ्यातील मुसळाची कबुली देणे हे प्रामाणिकपणाचे पहिले लक्षण होय. म्हणूनच आम्ही मागतो ते सर्वांसाठी मागतो.

पहिली मागणी प्रसार भारतीकडे. प्रादेशिक वृत्तविभागांचा हिशेब केवळ जाहिरातीच्या उत्पन्नावर मांडू नये. अग्निशामक दल नफ्यात चालते का, असे कोणी विचारीत नाही. संकटसमयी खरी खबर देणारी यंत्रणा त्याच कोटीतील आहे. दुसरी मागणी खाजगी वाहिन्यांकडे. जिल्ह्यातील वार्ताहराला नेमणूक, नियमित वेतन आणि विमा द्यावा. वार्तापत्र कोठे तयार झाले आणि घटनास्थळी आपला माणूस होता की नव्हता, हे प्रेक्षकाला पडद्यावर स्पष्ट सांगावे. जो व्यापारी मालाचे मूळ लपवितो त्याला आपण शहाणा म्हणत नाही. बातमीच्या व्यापाऱ्याला निराळा न्याय का?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी प्रेक्षकांकडे, म्हणजे तुमच्याकडे आहे. दिल्लीतल्या वादळांवर आपण तासन् तास बोलतो, परंतु आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाचे नाव पुष्कळांना सांगता येत नाही. जे पाहिले जात नाही ते प्रथम छाटले जाते, हा या धंद्याचा साधा नियम आहे. पुणे आकाशवाणीच्या बाबतीत लोक बोलले म्हणून आदेश थांबला. अमेरिकेत लोक बोलले म्हणून बेत बदलला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची वार्तापत्रे मात्र परत आली नाहीत.

घरातला दिवा मालवला तर माणूस लगेच उठतो. पण दिवा जळत राहून त्याच्याखालचा अंधार रोज वीतभर वाढत गेला, तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. आज सायंकाळी बातम्या लावाल तेव्हा एकच करून पाहा: त्यांत तुमच्या गावचे किती आहे आणि ते तेथे जाऊन कोणी पाहिले आहे, एवढे मोजा. उत्तर शून्य आले, तर स्वस्थ बसू नका; त्या वाहिनीला विचारा.