दुपारचा टेलिफोन आणि घरचीं वडील माणसें

भामट्यांची जात जुनीच आहे. त्यांचा वेष मात्र काळाप्रमाणें पालटत आला. पूर्वीं तो दागिन्यांस उजाळा देण्याच्या मिषानें दारीं येई आणि सोन्याचा अंश आम्लांत उतरवून घेऊन जाई. आज तो टेलिफोनवरून 'आपला संगणक बिघडला आहे, आम्ही तो दुरुस्त करून देतों' असें मोठ्या अदबीनें सांगत घरांत शिरतो. दोहोंचें मर्म एकच : जिनसेची पारख आपणांस नाहीं, हें त्यास पक्कें ठाऊक असतें.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या बाजूच्या पुष्कळ घरांतील कर्तीं माणसें सकाळच्या लोकलनें मुंबईस जातात, तीं दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळांत घरीं उरतात तीं पेन्शनींत निघालेलीं वडील माणसें. परदेशांतील नातवंडांशीं बोलणें, बँकेचा हिशेब पाहणें, विजेचें बिल भरणें हीं कामें ही मंडळी आतां संगणकावर सराईतपणें करतात. त्यांस अडाणी म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु एकत्र कुटुंब दुपारीं एकत्र नसतें, आणि भामट्यास हवी असते ती हीच वेळ.

त्याची रीत ठरलेली आहे. संगणकावर एकाएकीं कर्कश आवाज होऊन पडदाभर इशारा झळकतो व त्यांत एक फोननंबर असतो. किंवा मायक्रोसॉफ्टचें नांव सांगणारा गृहस्थ स्वतःच फोन करतो. वस्तुतः मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोननंबर कधींच नसतो, आणि ती कंपनी आपण न विचारतां दुरुस्तीसाठीं फोन करीत नाहीं. पुढें हा गृहस्थ विंडोजमधील एक नोंदवही उघडावयास लावतो. यंत्राच्या बारीकसारीक चुका तींत लाल-पिवळ्या खुणांनीं टिपलेल्या असतात. अशा नोंदी धडधाकट संगणकांतहि सांपडतात. पण त्याच 'व्हायरस' म्हणून दाखविल्या कीं ऐकणाराचें काळीज चरकतें. मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखें साधन घालण्याचा आग्रह होतो. दुरून यंत्र चालविण्यासाठीं केलेलीं हीं साधनें मुळांत निरुपद्रवी आहेत. परंतु त्यांचा आंकडा परक्यास सांगणें म्हणजे त्यास उघड्या तिजोरीपुढें बसवून आपण बाजूस होणें होय. रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच एनीडेस्कच्या अशा दुरुपयोगाविषयीं इशारा दिला होता. शेवटची युक्ति परताव्याची. 'तुमचे पैसे परत करतों' म्हणून तो बँकेचें पान उघडवितो, त्यावरील रकमेचा आंकडा केवळ दिसण्यापुरता बदलतो, आणि 'चुकून दहापट रक्कम गेली, माझी नोकरी जाईल, वरचे पैसे परत करा' म्हणून रडूं लागतो. सज्जन मनुष्य येथेंच फसतो.

हे लोक कोठें तरी सातासमुद्रांपलीकडे असतात अशी समजूत असेल तर ती सोडावी. आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, मीरा रोड येथें, ऑक्टोबर २०१६ च्या आरंभीं ठाणें पोलिसांनीं कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हां सातशेंहून अधिक माणसें ताब्यांत घेतलीं गेलीं आणि ७० जणांस अटक झाली. अमेरिकेच्या कर-खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांस धमकावयाचें व गिफ्ट कार्डांच्या रूपानें पैसे उकळावयाचे, असा हा उद्योग होता. त्याच महिन्यांत अमेरिकन सरकारनें अहमदाबादच्या कॉल सेंटरांशीं निगडित अशाच प्रकरणीं ६१ व्यक्ति व संस्थांवर आरोप ठेवले; जुलै २०१८ मध्यें तेथें २१ जणांस शिक्षा झाल्या, त्यांतील सर्वांत मोठी २० वर्षांची होती. संगणक-दुरुस्तीच्या सोंगाविषयीं मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन या कंपन्यांनीं तक्रारी केल्यावर सी. बी. आय. नें ऑक्टोबर २०२३ मध्यें अनेक राज्यांत झडत्या घेतल्या. मीरा रोडला फोनवर बोलणारीं पुष्कळशीं इंग्रजी बोलणारीं तरुण मुलेंच होतीं. म्हणून घरांतील तरुणास रात्रपाळीची नोकरी लागली असतां पगार किती याबरोबरच काम कोणतें, हेंहि वडिलांनीं विचारावें.

पडद्यावर इशारा आला तर घाबरूं नये. इंटरनेटची जोडणी तोडावी आणि कळ दाबून धरून संगणक बंद करावा. मदत हवीच असेल तर तिचा नंबर इंटरनेटवर शोधूं नये, तेथें खोटे नंबर पेरलेले असतात. बिलावर, खोक्यावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेला घ्यावा. सर्वांत मोठा नियम मात्र घरानें करावयाचा आहे : घरांतील दुसऱ्या कोणास विचारल्यावांचून फोनवरच्या परक्यास यंत्र अगर पैसा हातीं द्यावयाचा नाहीं. 'फोन ठेवूं नका, कोणास सांगूं नका' असें भामटा बजावतो तें याच विचारपुशीच्या धास्तीनें. मुलास, सुनेस वा शेजाऱ्यास विचारण्यांत कोणाचा अपमान नाहीं. खरा अधिकारी खुशाल थांबेल.

एवढें करूनहि फसवणूक झालीच, तर दुसऱ्या यंत्रावरून संकेतशब्द बदलावे, बँकेस तत्काळ कळवावें व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्वरा केल्यास पैसा पुढें सरकण्यापूर्वीं अडवितां येण्याचा संभव असतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें तत्त्व घालून दिलें तें असें कीं, खातेदाराच्या हलगर्जीपणानें झालेलें नुकसान बँकेस कळविण्याच्या क्षणापर्यंत त्याचें, त्यानंतरचें बँकेचें. म्हणजे एकेका घटकेचें मोल रुपयांत आहे. पुढें 'गेलेले पैसे मिळवून देतों' असा फोन आला, तर तोहि भामट्याचाच समजावा.

आणि येथेंच घराची परीक्षा होते. आजोबा घडलेली गोष्ट चार दिवस लपवितात, तीं 'या वयांत कशाला हे उद्योग' हें वाक्य ऐकावें लागेल या भयानें. ज्या घरांत लहानशा चुकीचीहि वर्षभर थट्टा चालते, तेथें मोठी चूक सांगावयास कोण धजेल? तेव्हां आज रात्रीं सारीं पानावर बसलीं असतां हा विषय काढावा. १९३० हा आंकडा आणि घरांतील कोणास आधीं बोलवावयाचें त्याचें नांव मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनपाशीं लावावें. आणि तरुणांनीं वडिलांस सांगावें कीं, कांहींहि झालें तरी प्रथम आम्हांस कळवा, आम्ही रागावणार नाहीं. तसा प्रसंग आलाच, तर हें वचन त्यांनीं अक्षरशः पाळावें.