पाच हजार निघाले, पोचले किती?

लेक सिंगापूरला शिकते आहे. तिच्या वाढदिवसाला आईने पाच हजार रुपये पाठवायचे ठरवले. बँकेत चौकशी केली, तर पैसे पाठवण्याचे शुल्क, त्यावर जीएसटी, शिवाय वाटेतल्या बँकेची कपात! पाच लाख पाठवणाऱ्याला हा खर्च जाणवत नाही. पाच हजारांच्या भेटीला मात्र तो चांगलाच चिमटा काढतो.

असे का होते? पाठवणारी आणि घेणारी बँक यांचा आपसात थेट व्यवहार नसेल, तर मध्ये तिसरी बँक येते. यातले शुल्क बहुधा ठरावीक असते. रक्कम लहान, म्हणून ते कमी होत नाही.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पेनाऊ या यंत्रणा जोडल्या गेल्या. तेव्हापासून काही बँकांच्या खातेदारांना, पलीकडच्या माणसाच्या मोबाइल क्रमांकावर काही क्षणांत पैसे पाठवता येऊ लागले. सुरुवातीची मर्यादा दिवसाला ६० हजार रुपयांची होती.

इतर देशांसाठीही ऑनलाइन सेवा आहेत. पण ‘शुल्क शून्य’ या जाहिरातीला भुलू नये. कमाई अनेकदा चलनाच्या दरात दडलेली असते. म्हणून दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : ‘सगळे वजा जाता तिच्या हातात नेमके किती पडतील?’

आणि हो, नाव व क्रमांक दोनदा तपासावा. चुकीच्या खात्यात गेलेला पैसा परत मिळवणे पाठवण्याइतके सोपे नसते.