प्रौढ वयातील नोकरीचा शोध : गिरणी कामगारांच्या उदाहरणावरून एक विवेचन

आयुष्याच्या उत्तरार्धात हातची नोकरी गेली म्हणजे दुसरी मिळणे कठीण जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचे कारण सामान्यतः वयातच शोधले जाते. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची शक्ती ओसरते, नवे शिकण्याची उमेद उरत नाही, असे सांगण्यात येते. हे कारण सर्वस्वी खोटे नसले तरी ते अपुरे आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांचे उदाहरण घेतले आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. हा संप विधिपूर्वक कधीच मागे घेतला गेला नाही. तो ओसरल्यावर अनेकांना पुन्हा कामावर घेण्यात आले नाही, आणि पुढील दोन दशकांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. एकाच गिरणीत, बहुधा एकाच खात्यात, वीस-पंचवीस वर्षे काढलेली माणसे अशा रीतीने काम शोधावयास बाहेर पडली. कोणी पहारेकऱ्याचे काम पत्करले, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी कोकणातील किंवा घाटावरील गाव गाठले.

या माणसांचे कौशल्य निरुपयोगी झाले होते काय? अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली कौशल्याचे दोन प्रकार कल्पिले : कोठेही चालणारे सर्वसाधारण कौशल्य आणि विशिष्ट संस्थेपुरतेच उपयोगी पडणारे विशेष कौशल्य. पण साचेखात्यातील विणकराचे कौशल्य काही एका गिरणीपुरते नव्हते. मुंबईपासून फार दूर नसलेल्या भिवंडीत यंत्रमाग चालू होते आणि त्यांना विणकर हवे होते. म्हणजे कौशल्याला गिऱ्हाईक होते. बदलली ती कामाची अट. गिरणीत महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी आणि १९७२ च्या कायद्याने मिळणारे उपदान होते. यंत्रमागावर विणलेल्या कापडाच्या मापाने मजुरी आणि बारा तासांची पाळी असे. हात तेच होते, पण त्यांची किंमत निराळी झाली.

ही किंमत कशामुळे उतरली, हे समजण्यासाठी ज्येष्ठतेचा विचार करावयास हवा. गिरणीत कामगार प्रथम बदली म्हणून शिरे. रोज दारावर उभे राहावयाचे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम करावयाचे, आणि अशी कित्येक वर्षे गेल्यावर कायम व्हावयाचे, असा तो क्रम होता. एडवर्ड लेझिअर यांनी १९७९ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. दीर्घ मुदतीच्या नोकरीत माणसाला तरुणपणी उत्पादनाच्या मानाने कमी आणि पुढे अधिक वेतन मिळते. अर्थात आरंभीच्या श्रमाचा काही भाग मालकाकडे जणू ठेव म्हणून राहतो. संस्था बुडाली की ती ठेवही बुडते. नवा मालक या ऋणाचा ऋणको नसतो. त्याच्या दृष्टीने पंचेचाळीस वर्षांचा विणकर हा आज दारात आलेला एक नवा माणूस असतो.

या तर्काला प्रत्यक्ष पाहणीचा आधार आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात दीर्घ सेवेनंतर काम गमावलेल्यांच्या मिळकतीचा अभ्यास जेकबसन, लालोंड आणि सुलिव्हन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. संकटात सापडलेल्या संस्थांतून बाहेर पडलेल्यांची दीर्घकालीन तूट वर्षाला सरासरी २५ टक्के भरली. तशाच संस्थेत नवे काम मिळालेल्यांनाही मोठी तूट सोसावी लागली. विशेष म्हणजे ही तूट वयावर अल्प प्रमाणातच अवलंबून होती. स्थानिक श्रमबाजाराची स्थिती आणि पूर्वीचा उद्योग यांवर ती अधिक अवलंबून होती.

दुसरे कारण ओळखीपाळखीचे आहे. गिरणीत प्रवेश मिळे तो मुकादमाच्या, गाववाल्याच्या किंवा नातलगाच्या शब्दावर. चाळीतले शेजारी, गावकीची मंडळी आणि खात्यातील सोबती ही बहुधा तीच माणसे असत. अठराव्या वर्षी या घट्ट नात्यांनी काम मिळवून दिले. परंतु उद्योगच कोसळला तेव्हा सर्वांचा आधार एकदम गेला. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनच्या एका उपनगरातील पांढरपेशांविषयी १९७३ साली दिलेले आकडे या संदर्भात बोलके आहेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्क्यांचीच त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठ पडत असे; ५५.६ टक्क्यांची कधीमधी आणि २७.८ टक्क्यांची क्वचित. तो नमुना लहान आणि निराळ्या वर्गाचा होता, हे ध्यानात ठेवूनही त्यातील तत्त्व घेता येते : नवी वार्ता दूरच्या परिचितांकडून येते, कारण जवळच्यांना आपल्याइतकेच ठाऊक असते.

वयाचा अडसर मुळीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने चाळिशीपुढील उमेदवारांना वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध संरक्षण मिळाले. आपल्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांचा उल्लेख आहे, वयाचा नाही.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कामावरून कमी केलेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने पुनर्कौशल्य निधीत पंधरा दिवसांचे वेतन भरावे, अशी तरतूद केली आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु तिच्या मुळाशी कामगाराचे कौशल्य अपुरे पडते ही समजूत आहे. वरील विवेचन ग्राह्य धरले तर केवळ शिक्षणाने प्रश्न सुटणार नाही. सेवेची वर्षे एका मालकाकडून दुसऱ्याकडे नेता येतील, अंगच्या कसबाचे सर्वमान्य प्रमाणपत्र मिळेल आणि आपल्या धंद्याबाहेरील कामांची वार्ता कळेल, अशी योजना हवी. शिवाय ती संस्था बंद पडण्यापूर्वीच हाती घ्यावी लागेल, कारण पेनसिल्व्हेनियातील अभ्यासानुसार तूट नोकरी सुटण्याच्या आधीच वाढू लागते. गिरणी कामगाराला यांपैकी बहुतेक काहीच लाभले नाही. त्याच्या पुढील हलाखीचा दोष त्याच्या वयाला देण्यापूर्वी अभ्यासकांनी एवढे लक्षात घ्यावे.