उन्हाळ्यात हिमालयात पायी जायचे आहे? आधी रिकाम्या दिवसांची तरतूद करा

एप्रिल उजाडला, लष्करातल्या गच्च्या संध्याकाळीही तापलेल्या राहू लागल्या की मंडळात दरवर्षी तोच विषय निघतो: “यंदा मुलांना सुट्टी आहे, कुठेतरी थंड डोंगरात जाऊ, थोडे चालूही.” आम्ही मंडळाचे काही सभासद आतापर्यंत दोन वेळा उत्तराखंडात चोपता-तुंगनाथला जाऊन आलो. पहिल्या वेळी आमचा बेत चुकला, दुसऱ्या वेळी जमला. दोन्हींचा हिशोब इथे मांडतो, म्हणजे नव्याने जाणाऱ्यांना उपयोग होईल.

हीच जागा का?

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबांसाठी ही वाट सोयीची आहे. तुंगनाथ हे पंचकेदारांपैकी सर्वांत उंचावरचे मंदिर. त्याची उंची साधारणपणे ३६८० मीटर सांगितली जाते. चोपत्यापासून मंदिरापर्यंत सुमारे साडेतीन-चार किलोमीटरची दगडी फरसबंदीची वाट आहे. तिथून आणखी दीडेक किलोमीटर चढले की चंद्रशिला. आकाश स्वच्छ असेल तर तिथून चौखंबा, नंदादेवी, त्रिशूल अशी शिखरे दिसतात. थंडीत मंदिर बंद असते आणि देवाची पूजा खाली मक्कूमठात होते. दरवाजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघडतात, त्यामुळे मे आणि जूनचा पूर्वार्ध हा योग्य काळ. त्यानंतर पावसाने दरडी कोसळू लागतात.

आमचे कुठे चुकले

पहिल्या वेळी आम्ही दहा जण होतो. कोणाची रजा कमी, कोणाच्या नातवाची शिबिरे, म्हणून सगळा प्रवास सात दिवसांत बसवला. कागदावर हिशोब पैशापैशाला जुळत होता. प्रत्यक्षात गाडी उशिरा पोहोचली, रुद्रप्रयागच्या अलीकडे रस्ता काही तास बंद राहिला आणि उखीमठचा ठरलेला मुक्काम आम्ही रद्द केला. सकाळी ऋषिकेशला, म्हणजे साडेतीनशे-चारशे मीटरवर होतो. त्याच रात्री चोपत्याला पावणेतीन हजार मीटरच्या आसपास झोपलो आणि दुसऱ्या पहाटे चढायला लागलो.

मंदिराच्या थोडे अलीकडे आमच्यातल्या एक वहिनी मटकन खाली बसल्या. त्यांना उलटी झाली, चालताना तोल जाऊ लागला. विचारल्यावर कळले की डोके आदल्या रात्रीपासूनच दुखत होते आणि सकाळी चहासुद्धा गेला नव्हता. “मग बोलला का नाहीत?” तर म्हणाल्या, “राखीव दिवस नव्हताच ना. माझ्यामुळे सगळ्यांचे दर्शन चुकले असते.”

आम्ही लगेच त्यांना दोघांच्या आधाराने खाली आणले आणि गाडीने थेट उखीमठला उतरलो. उतरल्यावर काही तासांत त्यांना बरे वाटू लागले. पण त्यांचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. चूक त्यांची नव्हती. ज्या कार्यक्रमात थांबायला जागाच नसते, त्यात माणूस आपले दुखणे लपवतो. आणि कार्यक्रम आखला होता आम्ही.

उंचीचे गणित

साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला दिवस लागतात. अडीच हजार मीटरच्या वर कोणालाही त्रास होऊ शकतो. तरुण, तालमीत तयार झालेला मुलगाही याला अपवाद नाही.

डोकेदुखी, मळमळ, अन्न नकोसे वाटणे, चक्कर, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसली की वर जायचे नाही, तिथेच थांबायचे. कमी झाली नाहीत किंवा वाढली तर खाली उतरायचे. तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे, बसल्या जागी धाप लागणे ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी रात्र असो वा पाऊस, माणसाला ताबडतोब खाली न्यावे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे.

चोपत्याला घोडे मिळतात. गुडघे दुखणाऱ्यांनी जरूर घ्यावेत. पण घोड्यावर बसल्याने पाय वाचतात, उंची वाचत नाही.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. उंचीसाठीची गोळी शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये. ती सगळ्यांना चालत नाही.

दिवसांची आखणी

दुसऱ्या वेळी आम्ही दहा दिवस धरले, ते असे:

पहिला: ग्वाल्हेरहून प्रस्थान.
दुसरा: ऋषिकेश, विश्रांती.
तिसरा: देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयागमार्गे उखीमठ (सुमारे १३०० मीटर).
चौथा: सारी गाव. तिथून देवरिया तालपर्यंत (सुमारे २४०० मीटर) अडीच-तीन किलोमीटर चढून परत सारीत मुक्काम.
पाचवा: चोपता. दुपारी आसपास थोडे फिरणे, बाकी आराम.
सहावा: तुंगनाथ. तब्येत आणि हवा पाहून चंद्रशिला.
सातवा: राखीव.
आठवा: खाली ऋषिकेशला.
नववा: राखीव. संध्याकाळी परतीची गाडी.
दहावा: घरी.

राखीव दिवस दोन आहेत आणि दोघांचे काम वेगळे आहे. वरचा दिवस तब्येत आणि हवामानासाठी, खालचा दिवस बंद रस्त्यासाठी. दोन्ही एकत्र करून एक वाचवू नका. बँकेत आम्ही बुडीत कर्जाची तरतूद करत असू, ती कर्ज बुडावे म्हणून नव्हे. हेही तसेच. दिवस उरला तर गंगेकाठी बसा, वाया जात नाही.

तिकिटे, रस्ता आणि पैसे

ग्वाल्हेरहून कलिंग उत्कल एक्स्प्रेस थेट हरिद्वार-ऋषिकेशला जाते. शिवाय दिल्लीला जाऊन गाडी बदलता येते. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, पूर्वीचे १२० दिवस विसरा. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष ६० आणि महिला ४५ वर्षांपासून. मात्र एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघे असावे लागतात. म्हणून दहा जणांचे एक तिकीट न काढता जोडीजोडीने काढावे.

मे-जूनमध्ये कुंडपर्यंत केदारनाथची सगळी वाहने आपल्याच रस्त्यावर असतात. पहाटे निघावे आणि अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचावे. रोख रक्कम ऋषिकेशलाच काढून घ्यावी आणि दोघांच्या खिशात विभागून ठेवावी. वर मोबाइलला रेंज नसली की ऑनलाइन पैसे देता येत नाहीत.

सराव आणि सामान

सरावासाठी आपला किल्ला आहे ना! उरवाई दरवाजाकडून गाडीने नव्हे, गुजरी महालाच्या बाजूने पायी चढायचे. दीड महिना आधीपासून आठवड्यातून चार दिवस, सूर्य वर येण्याआधी. किल्ल्याची टेकडी जेमतेम शंभर मीटर उंच आहे, तुंगनाथची चढण तिच्या कितीतरी पट. म्हणून पुढे पुढे एका सकाळी दोन-तीन फेऱ्या कराव्यात. बूटही याच सरावात पायाला बसवावेत, नवे कोरे बूट डोंगरात घालू नयेत.

दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर, वर वारा अडवणारे जाकीट, कानटोपी आणि रेनकोट ठेवा. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत. दुपारनंतर ढग आणि गारा येतात, म्हणून चढाई पहाटे सुरू करावी. रोजची औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. प्लास्टिक मात्र जसे नेले तसे परत आणावे.

आणि शेवटी

दुसऱ्या वेळी त्या वहिनीही आल्या. आम्ही रोज संध्याकाळी चहाच्या वेळी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचो: डोके दुखते का, जेवण गेले का? पाचव्या दिवशी त्या स्वतःहून म्हणाल्या, “आज जरा जड वाटतंय. उद्या थांबू या.” आम्ही सहावा दिवस चोपत्याला काढला आणि सातव्या दिवशी चढलो. त्या तुंगनाथपर्यंत आल्या, दर्शन घेतले आणि “चंद्रशिला तुम्ही करा” म्हणून देवळापाशी शेंगदाण्याची चिक्की खात निवांत बसल्या.

यंदा जाणार असाल तर दिवस मोजताना सुरुवात राखीव दिवसांपासून करा. बाकीचे त्यांच्या भोवती बसवा. प्रवासाला शुभेच्छा!