भूछत्रांचा पंचनामा

मराठवाडा म्हटला की अवर्षण आणि काळी जमीन एवढेच चित्र मनश्चक्षूंपुढे उभे राहते; परंतु नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगेच्या अंगाने पसरलेले किनवट-माहूरचे सागवानी अरण्य या समजुतीस छेद देते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबादेतून नांदेडच्या दफ्तरी दाखल झाला, आणि त्यासरशी गोंड-कोलामांच्या वस्त्यांतील पिढीजात रानज्ञानही मराठवाड्याच्या वाट्यास आले. लातुरात जंगल नावापुरतेच. तथापि भूछत्रास अरण्यच हवे असे नाही, बांधावरचे वारूळ, उकिरडा किंवा शहरी बागेतील हिरवळही त्यास पुरते.

भूछत्रे ओळखण्याच्या विद्येत लेखी परंपरेचा आधार तोकडा आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायाने लसूण-कांद्याच्या पंक्तीस कवक, म्हणजे भूछत्र, बसवून ते द्विजांस वर्ज्य ठरविले. शास्त्रीय बाजूने पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० साली साठे व देशपांडे यांचे महाराष्ट्रातील अळिंब्यांवरील विवेचन प्रसिद्ध केले. नवशिक्याने मात्र ग्रंथापूर्वी पंचनाम्याची शिस्त अंगी बाणवावी: स्थळ, काळ, साक्ष आणि पुरावा यांची नोंद झाल्यावाचून निकाल देऊ नये.

वारुळावरची अळिंबी, जिला पूर्व विदर्भात सात्या म्हणतात, या शिस्तीचा उत्तम धडा देते. छत्राच्या मध्यभागी टोकदार उंचवटा असतो. देठ वरून न खुडता सभोवतीची माती हलक्या हाताने उकरीत गेल्यास तो निमुळता होत मुळासारखा खोल उतरतो आणि थेट वाळवीच्या पोळ्याशी जाऊन भिडतो. चघळलेल्या लाकूड-पाचोळ्याच्या त्या पोळ्यावर वाळवी हे कवक जोपासते, कवक तो पाचोळा पचनयोग्य करते आणि पावसाळ्यात छत्ररूपाने भूमीबाहेर येते. फ्रेंच कवकतज्ज्ञ रोजे एम यांनी १९४२ साली या प्रजातीस टर्मिटोमायसेस हे नाव दिले. देठ वरच्यावर खुडणारा ओळखीचा मुख्य पुरावाच जमिनीत ठेवून येतो.

दुसरा पुरावा बीजाणूंचा. अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर छत्र त्याच्या तळचे पातळ पडदे खाली करून रात्रभर ठेवावे, वर वाटी पालथी घालावी. सकाळी उमटलेला ठसा पाहावा. वारुळाच्या अळिंबीचा ठसा फिकट गुलाबी. हिरवळीवर उगवणाऱ्या, तपकिरी खवल्यांच्या पांढऱ्या क्लोरोफायलम या भूछत्राचा हिरवट, आणि ते खाल्ल्यास काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. अमॅनिटा कुळातील काही जातींचे विष याहून कपटी असते: सहा तास वा त्याहून अधिक काळ लक्षणच दिसत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, मध्यंतरी रोग्यास उतार पडल्याचा भास होतो, आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते. शिजविल्याने हे विष जात नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, लसणीचा रंग बदलणे, किड्यांनी खाल्लेले ते निर्धोक मानणे, या परीक्षा सर्वथा अविश्वसनीय आहेत.

लातूरकडील शिकाऊ माणसास घरबसल्या सराव करावयाचा असेल, तर सोयाबीनच्या काडावर वाढविलेली धिंगरी पुष्कळ शिकविते: पडदे देठावर कसे उतरतात, ठसा पांढरट कसा पडतो, हे तेथे निर्भयपणे पाहता येते. रानातील पहिला पावसाळा केवळ नोंदीत घालवावा. पुढे जाणत्याने प्रत्यक्ष हाती घेऊन ओळखलेली एकच जात, नीट शिजवून, अल्प प्रमाणात खावी आणि तिचे एक कच्चे छत्र मुळासकट बाजूस ठेवावे. कारण बाधा झालीच, तर वैद्यास ते छत्र आणि खाल्ल्यापासून पहिल्या उलटीपर्यंतचे तास, हे दोन्ही पुरावे तातडीने लागतात.