माहेर आणि सासर यांच्यामध्ये हरवलेली नोंद

आज आपण एका वहीबद्दल बोलणार आहोत. गावातल्या आशाताईच्या पिशवीत असते ती वही. गावात कोण गरोदर आहे, कोण बाळंत झाली, बाळ जगलं का, आई जगली का, हे सगळं त्यात असतं. निदान असायला हवं.

आधी व्याख्या समजून घेऊ. बाई गरोदर असताना, किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने दगावली तर तो मातामृत्यू. मग बाळंतपण झालेलं असो की गर्भपात, मृत्यू घरी होवो, वाटेत होवो की दवाखान्यात. म्हणजे 'बाळंतपणात गेली' एवढाच त्याचा अर्थ नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते. सासरच्या गावातल्या वहीत शेरा पडतो, 'माहेरी गेली'. माहेरच्या वहीत मात्र तिचं नाव नसतं, कारण लग्न होऊन ती त्या गावातून गेलेली असते. समजा, ती जिल्ह्याच्या रुग्णालयात दगावली. दोन्ही गावांतल्या आशांना वाटतं, दुसरीने कळवलं असेल. नोंद मधल्यामध्ये हरवते.

दुसरी वाट अशी. दुसऱ्या महिन्यात गर्भनलिकेतला गर्भ फुटतो, पोटात रक्तस्राव होतो. ती गरोदर होती हे घरच्यांनाही ठाऊक नसतं. ते सांगतात, 'पोटात दुखून गेली.' तिसरी वाट म्हणजे बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्ग. लोक म्हणतात, 'तापाने गेली.' कुणी खोटं बोलत नाही, पण मातामृत्यू कागदावर येतच नाही.

म्हणून मातामृत्यूंच्या नोंदीचा नियम मुद्दाम सैल ठेवला आहे. १५ ते ४९ वयाच्या कुठल्याही बाईचा मृत्यू झाला, की आशाने तो २४ तासांत कळवायचा. ती गरोदर होती की नव्हती, हे तिने ठरवायचं नाही. ते पुढे नर्सताई घरी जाऊन, विचारपूस करून ठरवतात. आधी सगळे मृत्यू गोळा करायचे आणि मग निवडायचे, असा हा क्रम आहे. आधीच निवडत बसलो तर वरच्या तिन्ही बायका सुटतात.

एखाद-दुसरी नोंद सुटली तर एवढं काय बिघडतं? हिशेब करून बघू. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. एखाद्या तालुक्यात वर्षाला ३,००० जन्म होत असतील, तर ३३ च्या दराने तिथे वर्षाला साधारण एक मातामृत्यू येतो. तोच सुटला तर त्या वर्षी कागदावर शून्य उरतं. आणि शून्य दिसल्यावर रक्ताची सोय नव्हती का, गाडी वेळेवर आली नाही का, हे कोण विचारणार?

आता अवघड गोष्ट. मृत्यू कळवला की चौकशी लागते आणि चौकशीत पहिलं बोट बहुधा सगळ्यात खालच्या माणसाकडे वळतं. 'तू वेळेवर का नेलं नाहीस?' असं ऐकून घेतलेली आशा पुढचा मृत्यू कळवताना दहादा विचार करेल. मातामृत्यू आढाव्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही दोष लावणं हा हेतू नाही, असंच म्हटलं आहे. हा केवळ चांगुलपणाचा प्रश्न नाही, त्यावरच आकड्यांचा खरेपणा अवलंबून आहे.

अजून एक लक्षात ठेवू. नोंद सुधारली की सुरुवातीला मृत्यू वाढल्यासारखे दिसतात. ज्या तालुक्यात आकडा वर गेला, तिथे कदाचित काम बिघडलेलं नसून आता कुठे प्रामाणिकपणे सुरू झालेलं असतं.

बाळंतिणीच्या घरी आशाची एक भेट असते ४२ व्या दिवशी. लोकांना वाटतं, ती बाळाचं वजन करायला येते. तेही खरंच. पण त्या दिवशी ती आईकडेही बघते, आणि आई जिवंत आहे हे वहीत लिहिते. आपल्या घरातली लेक किंवा सून बाळंतपणासाठी गाव बदलणार असेल, तर दोन्हीकडच्या आशांना तेवढं सांगून ठेवू या.