मागून येणारा रेटा
लेखमाला : शेतरस्त्यावरची यंत्रं (लेखांक ६)

गव्हाणीत पहिली मोळी पडली की अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतले रस्ते उसाचे होतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात आलं, त्यामागे ऊस आला. अंकुशनगर आणि तीर्थपुरीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांमागे एक नाही, दोन-दोन ट्रॉल्या असतात. हे ओझं ओढणाऱ्या इंजिनाच्या हॉर्सपॉवरबद्दल पारावर तासभर चर्चा होते. ते थांबतं कसं, हा विषय मात्र कुणी काढत नाही.

मागच्या लेखात टायरमधल्या हवेचा हिशेब पाहिला. आता ब्रेकचा पाहू. नेहमीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्या दोन चाकांना. पुढची चाकं फक्त दिशा देतात. दोन टनांचा मोकळा ट्रॅक्टर ताशी 25 किलोमीटर वेगात असेल, तर कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून सहा-सात मीटरमध्ये उभा राहतो. त्यामागे दहा टनांची भरलेली, बिनब्रेकची ट्रॉली लावली की तेच अंतर ढोबळ हिशेबाने 25 मीटरच्या आसपास जातं. अशा दोन ट्रॉल्या लावल्या की 45 मीटर. हे सगळं सपाट रस्त्यावरचं झालं. वीस फुटांमागे एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जवळजवळ थांबतच नाही. ब्रेकची जी काही ताकद आहे, ती उताराच्या ओढीशी झुंजण्यातच संपते. पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ड्रायव्हरच्या हाताला घाम का फुटतो, ते या आकड्यांत आहे.

दुसरा धोका वळणावरचा. ट्रॅक्टर सरळ असताना ट्रॉलीचा रेटा मागून सरळ येतो. ट्रॅक्टर थोडा तिरका झालेला असताना ब्रेक लागला, तर तोच रेटा पिनेपाशी आडवा बसतो आणि ट्रॅक्टरची मागची बाजू बाहेर ढकलतो. चाकं घसरू लागली की स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही. ट्रॅक्टर फिरतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते.

यावरचा उपाय जुना आहे : ओझ्याने आपलं आपण थांबावं. अमेरिकेत पिकअपमागे घोड्यांचा किंवा जनावरांचा ट्रेलर लावतात, तेव्हा ट्रेलरच्या प्रत्येक ब्रेकड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्या ओढीने एक दांडी सरकते आणि ब्रेकशू फाकतात. किती वीज सोडायची, हे ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळची एक छोटी डबी ठरवते. तिलाच ट्रेलर ब्रेक कंट्रोलर म्हणतात. फोर्डने 2005च्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये ही डबी कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली.

डबीवरची मुख्य सेटिंग म्हणजे ‘गेन’, ब्रेकला जास्तीत जास्त किती जोर द्यायचा ती मर्यादा. ती लावायची रीत मजेदार आहे. भरलेला ट्रेलर मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने न्यायचा, पायाचा ब्रेक न दाबता डबीवरचा हातखटका पूर्ण सरकवायचा आणि काय होतं ते पाहायचं. ट्रेलरची चाकं जाम होऊन घसटली तर गेन कमी करायचा; ट्रेलर रेंगाळला तर वाढवायचा. चाकं जाम होण्याच्या जरा अलीकडे काटा थांबवायचा. दुसरी सेटिंग ‘बूस्ट’ : ब्रेक दाबताक्षणी ट्रेलरने किती लवकर जोर धरायचा. ओझं पिकअपपेक्षा जड असेल तर बूस्ट वाढवतात, हलकं असेल तर बंदच ठेवतात. स्वस्त डब्या ठरावीक वेळेत ठरलेला जोर चढवतात. चांगल्या डब्या गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय ते मोजून त्या प्रमाणात वीज सोडतात. डबी कोणतीही असो, ओझं बदललं की सेटिंग बदलावी लागते. रिकाम्या ट्रेलरवर भरल्या ट्रेलरचा गेन ठेवला तर चाकं पहिल्याच दाबाला जाम होतात.

जालन्याच्या एमआयडीसीतून सळई घेऊन निघणाऱ्या मोठ्या ट्रेलरांना विजेऐवजी हवेचे ब्रेक असतात. वेस्टिंगहाऊसने 1872मध्ये रेल्वेसाठी जी युक्ती काढली, तिचंच तत्त्व इथेही आहे : हवेची नळी तुटली तर ब्रेक सुटायच्या ऐवजी आपोआप लागतात.

उसाच्या ट्रॉलीचं घोडं इथेच अडतं. बऱ्याच ट्रॉल्या गावाजवळच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून तयार होतात आणि ब्रेकचा खर्च सगळ्यात आधी वगळला जातो. ‘ओव्हररन’ नावाची सोपी यांत्रिक सोय उपलब्ध आहे. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते, त्या रेट्याने दांडा आत सरकतो आणि ट्रॉलीच्याच चाकांना ब्रेक लागतो. वीज नको, हवा नको. एकच कटकट : रिव्हर्स घेतानाही दांडा आत जातो, म्हणून त्याला खिट्टी घालावी लागते. हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात आणि त्या निघायलाच हव्यात. पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला वाचवतो; पुढे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा विचार त्यात नाही.

ब्रेक नसलेल्या ट्रॉलीपुढे ड्रायव्हरच्या हाती तीनच गोष्टी उरतात. पहिली, पायाशी. ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकाची दोन स्वतंत्र ब्रेक पॅडलं असतात, शेताच्या कडेला एका चाकावर वळता यावं म्हणून. त्यांना जोडणारी एक लहानशी लोखंडी कडी असते. नांगरट संपवून रस्त्यावर येताना ती लावायची राहिली, तर घाईत एकच पॅडल दाबलं जातं आणि ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो. मागे दहा टन असताना ही ओढ पलटी होण्यापर्यंत जाते.

दुसरी गोष्ट मोळ्या रचण्याची. दोनचाकी ट्रॉलीत ऊस मागे जास्त भरला की हुक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार घटतो आणि त्यांचा ब्रेक तेवढा दुबळा होतो. पुढे जास्त भरला की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत जातात. पोरं त्याचे व्हिडिओ काढतात.

आणि गिअर. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून सोडायची सवय महाराष्ट्रभर आहे. ती मोडायला हवी : ज्या गिअरने तो उतार चढला असता, त्याच गिअरने उतरायचं आणि मध्ये क्लच दाबायचा नाही. इंजिन ट्रॉलीला धरून ठेवतं, ब्रेकवर ताण येत नाही. उतार सुरू झाल्यावर गिअर बदलायला गेलं आणि तो पडलाच नाही, तर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्येच सुटतो. म्हणून गिअर टाकायचा तो माथ्यावरच.

(पुढील आठवड्यात : हुक, पिन आणि सुटलेली ट्रॉली)